बाजाराचा आठवडा

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या जुन्या वस्तूंवर जे संकट येते, ते यंदा माझ्या लोखंडी ट्रंकेवर आले. सूनबाईने ती माळ्यावरून खाली उतरवून घेतली, झाकण उघडले आणि आतून वह्यांचा एक गठ्ठा काढून विचारले, "आई, ह्या सगळ्या वह्यांवर टाचण, टाचण असं लिहिलंय. काय आहे हे? रद्दीत घालू?"

"घाल" म्हणायला मी तोंड उघडलेच होते. पण वरची वही तिच्या हातून घेतली, पदराने पुसली आणि तिथेच जमिनीवर बसून चाळू लागले. साफसफाईच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने असे बसणे म्हणजे काय, हे ज्या घरात साफसफाई होते त्या घराला सांगायला नको!

मी बालवाडीची बाई. कृष्णाकाठच्या एका लहानशा बाजारच्या गावी मी कितीतरी वर्षे तीन ते सहा वर्षांची मुले सांभाळली. सांभाळली म्हटले की प्रशिक्षणातल्या आमच्या बाई रागावत. "सांभाळायला घरी आजी आहे, तुम्ही शिकवायला आहात," असे त्या म्हणत. तर शिकवायचे म्हणून दर शनिवारी मुले घरी गेली की पुढच्या आठवड्याचे टाचण काढायचे. एक विषय घ्यायचा आणि त्या आठवड्यातली गोष्ट, गाणे, खेळ, हस्तकाम, मोजणे, सगळे त्या विषयाभोवती गुंफायचे.

"म्हणजे थीम!" सूनबाई म्हणाली. तिला ते चटकन कळले, आणि कळण्यामागे दुःखही होते. माझी नात ज्या शाळेत जाते तिथून रविवारी रात्री मोबाइलवर निरोप येतो: 'या आठवड्याचा विषय फळे. उद्या पिवळा पोशाख.' मग रात्री साडेनऊ वाजता पिवळ्या फ्रॉकचा शोध सुरू होतो. मागच्या महिन्यात नात अननस झाली होती. पुठ्ठ्याची पाने डोक्याला बांधून ती दिवसभर हिंडली. घरी आल्यावर मी तिला विचारले, "अननस कसा लागतो गं?" तर म्हणाली, "तो लागत नाही. तो डोक्यावर घालतात."

मला हसू आले, पण फार हसण्याचा मला अधिकार नाही. माझ्या टाचणातही असे अननस पुष्कळ आहेत.

आमच्या प्रशिक्षणात बाई फळ्यावर बैलगाडीचे मोठे चाक काढीत. मधल्या तुंब्यात विषय लिहायचा: पाऊस, शेत, पक्षी, घर, बाजार. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक आऱ्यावर एकेक काम: भाषा, गणितपूर्व तयारी, परिसर, बोटांच्या स्नायूंचे काम, मोठ्या स्नायूंचे खेळ, गाणे, नाट्य. बाहेरच्या धावेवर त्या लिहीत, 'मूल'. "धाव निसटली की चाक गेलं," असे त्या बजावीत. आम्ही ते वहीत उतरवून घेत असू.

या कल्पनेचे कुळ मोठे आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी खेळातून शिकवणारी संस्था काढली. किंडरगार्टन हे नाव त्याचेच. अमेरिकेतल्या किलपॅट्रिकने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे, मूल मनापासून एखाद्या कामाला लागले की त्या कामाच्या पोटात वेगवेगळे विषय आपोआप येतात. आणि रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली बालगृह काढणाऱ्या माँतेसोरीबाईंचा सांगावा असा की मुलाला खोट्या वस्तू देऊन भुलवू नका. त्याच्या हाताला बसेल एवढी, पण खरी वस्तू द्या. हा विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरला रुजवला. त्यांच्याकडे १९२३ साली गेलेल्या ताराबाई मोडकांनी तो पुढे महाराष्ट्रात आणला. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी माँतेसोरीचे महागडे साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पाने यांवर बालवाडी चालवून दाखवली. आमच्यासारख्यांना तोच काय तो आधार. कारण आमच्या बालवाडीच्या साहित्याच्या पेटीत एक चेंडू होता आणि त्यात हवा नव्हती.

मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत आमची बावीस मुले बसत. पावसाच्या आठवड्याला मला कधी फारसे टाचण लागले नाही. धर्मशाळेचे छप्परच तो विषय घेई. कुठल्या भांड्यात लवकर पाणी भरते, कुठल्या थेंबाचा आवाज कसा, हे मुले स्वतःच ठरवीत. मी फक्त भांडी पुरवी.

आता हातात असलेली वही १९८३ सालची. पान उघडले ते डिसेंबरचे. तुंब्यात लिहिले आहे: बाजार.

हे टाचण काढायला मला दोन रात्री लागल्या होत्या. सोमवारी धान्ये निवडून वेगळी करायची, मंगळवारी तराजू, बुधवारी दुकान-दुकान, गुरुवारी गावचा खरा बाजार पाहायचा, शुक्रवारी पाहिलेल्याची चित्रे, शनिवारी गाणे. खऱ्या वस्तू द्या, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले. म्हणून पुठ्ठ्याचा तराजू न करता मी पेठेतल्या किराणा दुकानदारांकडून त्यांचा जुना लहान तराजू आणि वजने मागून आणली. त्यांची धाकटी मुलगी आमच्याच बालवाडीत होती. तिला आपण चिमी म्हणू.

मंगळवार तर असा गेला की काय सांगू! एका पारड्यात शंभर ग्रॅमचे इवलेसे वजन आणि दुसऱ्यात चुरमुरे. मुलांना वाटले, मूठभर पुरेत. मूठभर टाकले, पारडे हलेना. आणखी टाकले, तरी हलेना. चुरमुरे पारड्यातून सांडू लागले तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, वजन खोटं हाय." या वयाचे मूल डोळ्यांनी मोजते, जे मोठे दिसते ते त्याला जास्त वाटते. उंच पेल्यातले पाणी त्याला बसक्या वाटीतल्या तेवढ्याच पाण्यापेक्षा जास्त वाटते, हे पियाजेने दाखवून दिले आहे. तेच माझ्यासमोर धर्मशाळेत घडत होते. शेवटी सांडलेले चुरमुरे खाऊन मुलांनी प्रश्न मिटवला.

बुधवारी दुकान मांडले. चार खोकी, डाळी, गूळ, रिकाम्या बाटल्या. पैसे म्हणून चिंचोके, प्रत्येकाला दहा. दुकानदार अर्थातच चिमी. ती मांडी घालून बसली, कानावर पेन्सिल अडकवली आणि कोणी न सांगता तिने माझी एक जुनी वही पुढ्यात ओढून घेतली. मी कोपऱ्यात बसून टिपून घेऊ लागले. "सुटे न्हाईत, गोळी घ्या," असे म्हणून चिमीने गिऱ्हाइकाच्या हातावर शेंगदाणा ठेवला तेव्हा मला हसू आवरेना.

मग बाळू आला. हेही खरे नाव नव्हे. हातात बाटली, मुठीत दहा चिंचोके. म्हणाला, "पावशेर गोडेतेल."

चिमीने वही उघडली. पान उलटले. आणि अगदी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "आधी मागचं द्या. आईला सांग, मागचं दिल्याबिगर पुढचं मिळायचं न्हाई."

बाळूने मूठ उघडून दाखवली. "हे हायेत की पैसे."

चिमीने ते दहाच्या दहा चिंचोके मोजून घेतले, वहीत रेघ ओढली आणि म्हणाली, "हे मागचे झाले."

रांगेतली मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. दुकानात असेच असते, हे त्या सगळ्यांना ठाऊक होते. बाळू रिकामी बाटली घेऊन भिंतीपाशी जाऊन बसला. आणि त्या क्षणी मी काय करीत होते? वहीत लिहीत होते. ते वाक्य आजही माझ्यासमोर आहे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: 'नाट्य – भूमिकेशी समरसता उत्तम.'

त्या काळचे सांगितले पाहिजे. बाळूचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसांच्या हातचे काम थांबले. आमच्या बाजूची कितीतरी घरे मनिऑर्डरवर चालत. मनिऑर्डरी थांबल्या, माणसे एकेक करून गावी परतली, आणि पेठेतल्या वह्या भरत गेल्या. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. रोज ज्यांच्या दारावरून जात होते त्यांचेच होते ते. पण 'बाजार' हा विषय तुंब्यात लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे डाळींचे रंग होते. मी खरा तराजू आणला. त्याच्याबरोबर खरी उधारीही धर्मशाळेत आली.

गुरुवारी बाळू आला नाही. मी बाकीच्या मुलांना एकमेकांच्या सदऱ्याचे टोक धरायला लावून बाजारात नेले. भाज्या पाहिल्या, बांगड्या पाहिल्या, कुंभाराची गाडगी वाजवून पाहिली. वळणावर आलो तर पोत्यावर बोरांचे वाटे मांडून बाळूची आई बसलेली आणि तिच्याशेजारी बाळू. आम्हाला पाहताच तो आईच्या पाठीमागे गेला. शहाण्या बाईने तिथून मुकाट्याने पुढे जावे की नाही? पण मी म्हटले, "मुलांनो, बघा, आपला बाळू! बोरं कशी मांडलीत बघा!" मुले पोत्याभोवती गोळा झाली.

त्या माउलीने माझ्याकडे एकदा पाहिले, मग मुलांकडे पाहिले, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत बोरे घालायला सुरुवात केली. वीस-एकवीस ओंजळी. वाट्यामागून वाटे संपत चालले. मी घाईघाईने पिशवीतून पैसे काढले, तर तिने हात मागे घेतला. "पोरास्नी दिलेल्याचं पैसं घ्यायचं असत्यात व्हय, बाई?" सगळ्यांत शेवटी तिने चिमीची ओंजळ भरली. तिची मुलगी कोणाची हे तिला ठाऊक नव्हते असे मला मुळीच वाटत नाही.

पोत्यावर दोन वाटे उरले होते. आमच्या परिसर-सहलीचा खर्च वहीत लिहायला रकाना होता. तो मी कोराच ठेवला.

संध्याकाळी तराजू परत करायला गेले. मनात पुष्कळ जुळवून नेले होते. दुकानदारांनी ऐकून घेतले आणि कपाटातून तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "बाई, पोर घरात ऐकतं तेच बोलतं. मी कुणाला दारातून हाकललं नाही अजून. पण घाऊकवाला माझ्या दारात येऊन हेच बोलतो. ते तिनं ऐकलंय, माझं नव्हे." मग जरा थांबून म्हणाले, "तराजू राहू दे तुमच्याकडं. मला लागत नाही." मी तो तिथेच ठेवला. जुळवून नेलेले भाषण परत घरी आणले.

बाळूकडे दोनदा गेले. तो माळवदाच्या जिन्यावर चढून बसे. आई सांगे, "दुकानात न्हाई जायाचं म्हणतो." बालवाडी नाही, दुकान! एका दिवसात त्याच्या लेखी धर्मशाळेचे दुकान झाले होते. मी म्हटले, "दुकान मोडलं रे, आता पक्ष्यांचा आठवडा आहे." पण टाचणातला विषय शनिवारी बदलला म्हणून मुलाच्या मनातला विषयही शनिवारी बदलतो, असे काही नसते.

तो आला त्यापुढच्या आठवड्याच्या मंगळवारी, आपणहून. आमचे तेव्हा पिसे चिकटवणे चालले होते. तो पिसांकडे फिरकला नाही. दाराजवळ बसला, खिशातून बोरांच्या वाळक्या बिया काढल्या आणि त्यांचे वाटे मांडू लागला. पाच-पाच. एका वाट्यात चार आल्या तर दुसरीकडून एक काढून घेई, पुन्हा मोजी. गणितपूर्व तयारीचा इतका सुंदर पाठ मी जन्मात घेतलेला नाही, आणि तो टाचणात कुठेच नव्हता. मी पिसे तशीच ठेवून पाहत बसले. या वेळी वही मिटून.

मुले आली. वाट्याला दोन पाने, असा भाव ठरला. पिंपळाची पाने गोळा करायला सगळे अंगणात पळाले. चिमी मागे राहिली. तिच्याजवळ पाने नव्हती. आणायलाही गेली नाही. उभी राहून वाट्यांकडे पाहत राहिली. बाळूने एक वाटा उचलून तिच्या हातात दिला.

चिमीने कानामागे हात नेला. पेन्सिल नव्हती. "मांडून ठेवू?" तिने विचारले.

"वही न्हाई आमच्यात," बाळू म्हणाला.

त्या वर्षानंतरच्या माझ्या वह्यांत एक फरक दिसतो. डावीकडच्या पानावर टाचण आहे, उजवे पान शनिवारपर्यंत कोरे ठेवलेले आहे. मुलांनी विषयाचे काय केले, ते तिथे मागाहून लिहिलेले. तपासायला येणाऱ्या एका साहेबांनी "कागद वाया का घालवता?" असा शेरा मारला होता. पुढे त्या उजव्या पानांवरचा मजकूर डावीकडच्यापेक्षा लांब होत गेला, आणि कधी कधी तर डाव्या पानावर नुसता एक शब्द आहे.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. ट्रंकेत जाऊन पुन्हा माळ्यावर चढल्या. त्या रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई मोबाइल पाहून म्हणाली, "सुट्टीनंतरचा विषय आलाय. आपले मदतनीस. हिला दुकानदार व्हायचंय. काय देऊ बरोबर, आई? खेळण्यातला तराजू मिळतो."

मी म्हटले, "बोरं आलीत का बघ बाजारात."

"इतक्यात कुठली?" ती म्हणाली.