शेंडा खुडताना

थाय बेसिलचं माझं पहिलं रोप गेलं, ते मी त्याला फार जपल्यामुळे.

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर तुळशीवृंदावनाशेजारीच त्याची कुंडी ठेवली होती. टोकदार, तुकतुकीत पानं, जांभळं खोड, आणि पान चुरडलं की थेट बडीशेपेचा वास. इतकं देखणं रोप खुडायला हातच धजेना. आमच्या घरी तुळस संध्याकाळी खुडत नाहीत, द्वादशीला नाही, रविवारीही नाही. आईनं लहानपणापासून लावलेलं हे वळण त्या शेजारच्या कुंडीलाही आपोआप लागू झालं. दीडेक महिन्यात जांभळ्या मंजिऱ्या आल्या, मधमाश्या घोंघावू लागल्या, मी हरखून गेले. मग पानं बारीक होत गेली, बुंधा लाकडासारखा टणक झाला आणि शेवटी नुसत्या काड्या उरल्या. मंजिरी धरली की झाड सगळा जीव बियांत ओततं, पानांसाठी काही उरत नाही, हे मला नंतर कळलं.

बी मात्र मी झाडून ठेवलं होतं. पेरण्याआधी थोडं पाण्यात भिजत घातलं, तर जरा वेळानं प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पांढुरकं, बुळबुळीत आवरण चढलं. आई शेजारीच होती. "अगं, हा तर सबजा!" म्हणत तिनं फालुद्यासाठी आणलेली बरणी काढली आणि दुसऱ्या वाटीत चमचाभर सबजा भिजवला. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्यावर कुठली कोणती, ते सांगता येईना. आईचं बरोबरच होतं. सबजा, इटलीचं पेस्टोतलं बेसिल आणि हे थाय बेसिल, तिन्ही ऑसिमम बॅसिलिकम याच जातीचे प्रकार. थाय लोक याला होरापा म्हणतात. त्यांचं काप्राओ वेगळं. ती आपल्या तुळशीचीच जात, आणि तिथे ती मिरची-लसणाबरोबर मांसात परततात. हे ऐकल्यावर आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांच्याकडे तशी रीत असेल."

भिजलेलं बी बोटांना चिकटतं, सुटं पेरता येत नाही. म्हणून उरलेलं कोरडंच मातीवर भुरभुरलं, वर चिमूटभर गांडूळखत आणि पाण्याचा फवारा. सहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.

रोपं वीतभर झाल्यावर मी कात्री घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा खोड अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. जिथे पानांची जोडी फुटते त्या पेरावर, प्रत्येक पानाच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढी इवली पानं दुमडून बसलेली असतात. वरचा शेंडा असेपर्यंत ती तशीच दबून राहतात. मी त्या पेराच्या जरा वर काप घेतला. चारपाच दिवसांत त्या दोन्ही कण्या उलगडल्या आणि एका दांड्याच्या जागी दोन फांद्या झाल्या. त्यांचेही शेंडे खुडले, तेव्हा चार झाल्या. महिनाभरात कुंडी दिसेनाशी झाली. आपण तोडतो म्हणून झाड भरतं, हे हातांना पटायला मला एक अख्खं रोप घालवावं लागलं.

जुलैत पावसानं पानं सतत ओली राहू लागली. ती पिवळट पडली, पाठीवर करडी बुरशी धरली. द्राक्षावर पडतो तसला केवडा. दोन कुंड्या उपटून टाकाव्या लागल्या. पत्र्याच्या आडोशाला, वाऱ्यावर ठेवलेली एक तेवढी वाचली.

पानं मी हिरव्या थाय करीत घालते, तीही गॅस बंद केल्यावर. उकळत ठेवली तर तो गोडसर वास उडूनच जातो. व्हिएतनाममध्ये तर फोच्या वाडग्याबरोबर कच्च्या डहाळ्याच ताटात वाढतात. फ्रिजमध्ये मात्र ती ठेवू नयेत, एका रात्रीत काळवंडतात.

करी आमच्याकडे रविवारी रात्री होते. आईनं रविवारची सवलत या झाडाला दिली आहे, दिवेलागणीनंतरची नाही. त्यामुळे चार वाजताच ती गच्चीवर जाऊन डहाळ्या खुडते आणि ओट्यावर पेल्यात पाणी घालून उभ्या करते. गेल्या खेपेला दोन डहाळ्या तशाच राहून गेल्या. दहाव्या दिवशी पेला उचलून तिनं मला उजेडात दाखवला. खालच्या पेराला पांढरी, केसांसारखी मुळं फुटली होती.

"रिकामी कुंडी आहे ना गं एखादी?" तिनं विचारलं.