बंब मोडीत घालण्याआधी

दसऱ्याची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरते आणि घरात वादाला तोंड फुटतं. गेल्या वर्षी असा एक वाद पडेगावातून माझ्यापर्यंत आला. छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की मिटमिट्याच्या अलीकडे पडेगाव. शासनाचं शेळी-मेंढी प्रक्षेत्र इथलं जुनं. रो-हाऊसच्या ओळी त्यामानाने परवाच्या. अशाच एका रो-हाऊसच्या मागच्या बोळात तांब्याचा वीस लिटरचा बंब उभा होता. पोटावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव, तळाशी काजळी, तोटीला सुतळी गुंडाळलेली.

मुलाचं म्हणणं, तांब्याला भाव आहे, मोडीत देऊन टाकू. सुनेला तो घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवायचा होता. आजी मात्र रोज त्याच पाण्याने आंघोळ करत होत्या. "माझ्या लग्नातला आहे. मी गेल्यावर काय करायचं ते करा," एवढंच त्या म्हणाल्या. चुली आणि जळणाची मोजमापं करणं हा माझा व्यवसाय, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. भावनेचा निवाडा मला करता येत नाही, नळीचा येतो.

बंबाचा सगळा जीव त्या नळीत असतो. बाहेरून दिसतो तो फुगीर हंडा, पण मधोमध उभी नळी आरपार गेलेली असते. खाली जाळी, जाळीवर जळण, वर धुराचं तोंड. जाळ नळीतून वर चढताना चहूबाजूंचं पाणी तापवतो. काही बंबांना नरसाळं असतं आणि त्याची दांडी तळापर्यंत गेलेली असते. वरून तांब्याभर थंड पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वर तरंगणारं कढत पाणी तेवढंच तोटीतून बाहेर पडतं. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला पाण्याच्या घनतेचा धडा कुणी शिकवला नसेल.

तांब्यामुळे पाणी लवकर तापतं, हे मात्र अर्धसत्य आहे. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट चांगली वाहतं, हे खरं. पण अडचण पत्र्यात नसतेच. गरम वायूतून पत्र्यापर्यंत उष्णता पोचणं हेच अवघड काम असतं, आणि त्यात नळीला आतून काजळीचा थर बसला की तो गोधडी पांघरल्यासारखं काम करतो. आठवड्यातून एकदा काथ्याच्या ब्रशने नळी झाडली तर जो फरक पडतो तो धातू बदलून पडत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून बंब बाहेरून सोन्यासारखा लखलखीत करणाऱ्या कितीतरी घरांत नळीच्या आत वर्षानुवर्षं कुणी डोकावलेलं नसतं.

तेव्हा तपासणी आतून सुरू करावी. बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. सकाळी कागद तोटीखाली ओला असेल तर वायसर बदलून काम भागतं. ओल बरोबर नळीखाली असेल तर प्रकरण गंभीर. मग बंब रिकामा करून वरून बॅटरीचा झोत टाकायचा. जाळीच्या जरा वर, जिथे जाळ सर्वांत जोरात लागतो आणि ओली राख साचून राहते, तिथे हिरवट चट्टे आणि पातळ झालेला पत्रा दिसतो. एकच छिद्र असेल तर डाख देऊन किंवा तांब्याचं ठिगळ ब्रेझिंग करून बंब पुन्हा उभा राहतो. नळी सगळीकडेच पातळ झाली असेल तर एक भोक बुजवल्यावर महिन्याभरात शेजारी दुसरं पडतं. अशा वेळी नळीच नवी बसवायची, आणि ते करणारा कारागीर मिळत नसेल तर मोहाला आवर घालून बंब मोडीत द्यायचा. पोटावरचे पोचे, वाकलेल्या कड्या, काळवंडलेला गळा यांनी काही बिघडत नाही. बिडाची जाळी जळून तुटली असेल तर ती बदलता येते.

डाख सुटण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे विसराळूपणा. बंबात पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की तोच पत्रा जाळाच्या तापमानाकडे धावतो, आणि कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. त्या शिशामुळेच आणखी एक गोष्ट बजावून सांगावी लागते: जुन्या बंबातलं पाणी आंघोळीला, चहाला नाही.

आता हिशेब. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण 3,360 किलोज्यूल उष्णता लागते. त्यात तेवढंच थंड पाणी मिसळलं की आंघोळीच्या दोन बादल्या होतात. गिझरमध्ये हे काम जवळपास एका युनिटात होतं. वाळल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता असते. बंबाने त्यातली तीस टक्के पाण्याला दिली असं धरलं, तर पाऊण किलो लाकूड लागतं. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर पातेलं ठेवून हेच पाणी तापवलं तर त्याच्या दुप्पट सहज जाईल, कारण तिथे दहा-पंधरा टक्केच उष्णता पातेल्याच्या वाट्याला येते. म्हणजे बंब हे मागासलेलं यंत्र नाही. फक्त एका युनिट विजेसाठी रोज पहाटे उठून जाळ करायचा का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर जो उठतो त्यानेच द्यावं. बहुतेक घरांत ती बाई असते आणि तिला कुणी विचारत नाही.

सौरबंब घ्या, असं मुलाने सुचवलं. सल्ला चांगलाच आहे. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. पण संभाजीनगरात तोटा पाण्याला आहे. जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येतं, टाकी मधेच कोरडी पडते, आणि सौरबंबाला वरच्या टाकीत पाणी सतत हवं. भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत एकदम थंड पाणी शिरलं की नळी तडकते. बोअरचं जड पाणी असेल तर गिझरच्या कॉइलवर क्षारांचं पुट चढतं ते वेगळंच. बंबाला यातलं काही लागत नाही; दोन कळशा पाणी हाताने ओतलं की झालं. अर्थात क्षार त्याच्याही नळीवर बसतात, फक्त तिथे हात घालून ते खरवडता येतात.

खरा निर्णय मात्र जळणावर आणि जागेवर ठरतो.

खेड्यात बंबात पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची ढलपी जायची. शहरात या गोष्टी विकत घ्याव्या लागतात, म्हणून मिळेल ते आत जातं. पडेगावच्या त्या बोळात प्लायवूडचे तुकडे, दुधाच्या पिशव्या आणि वाळूजच्या कारखान्यांतून आलेल्या पॅकिंगच्या फळ्या रचलेल्या होत्या. प्लायवूडच्या गोंदातलं फॉर्माल्डिहाइड आणि प्लास्टिकचा धूर हे जळण नव्हे, विष आहे. निर्यातीच्या फळ्यांवर शिक्का असतो: 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड, ते चालतं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते बंबाच्या जवळही नको. लाकूड ओलं असेल तर त्यातल्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात अडीच मेगाज्यूल फुकट जातात आणि धूर होतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली, दंडही ठरवला. शहरातल्या 2018 च्या कचराकोंडीनंतर कचरा प्रक्रिया केंद्र ज्यांच्या शिवारात आलं, त्या पडेगावकरांना कचऱ्याबद्दल बाहेरच्याने काही शिकवायला नको. पण घरातल्या बंबात पिशवी टाकताना तो कचरा वाटत नाही.

जागेबाबत मी तडजोड करत नाही. बंब उघड्या अंगणात असावा किंवा धुराचा पाइप छपराच्या वर गेलेला असावा. पावसात तो न्हाणीघरात ओढून, निखारे फुललेले असताना दार लावून आंघोळ करणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्त करून वापरण्याची जी सूट अंगणातल्या बंबाला देतो, ती स्वयंपाकघरातल्या चुलीला मी देत नाही. धुराची चूल सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल आली. 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम वीसेक वर्षं चालवला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या. पुण्याच्या 'आरती' संस्थेने साच्यातून चुली घडवल्या. जुन्या चुलीच्या पोटात नुसती धातूची जाळी बसवून खालून हवा खेळवण्याचे सोपे उपायही निघाले, आणि ते जळण वाचवतातही. पण ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे धुरांडी साफ झाली नाहीत, चुली फुटल्या आणि फायदा विरून गेला. बंद खोलीत रोज तीन-चार तास जळणारी चूल दुरुस्त करत बसण्यापेक्षा सिलिंडर भरून आणणं शहाणपणाचं. अंगणात अर्धा तास पेटणाऱ्या बंबाची गोष्ट निराळी.

त्या रो-हाऊसचा बंब आम्ही कागदावर ठेवला. सकाळी ओल निघाली ती नळीखालीच. आत एकच भोक होतं, मोहरीएवढं. बाकी पत्रा जाड आणि ठणठणीत. हल्लीच्या पातळ पत्र्याच्या बंबाशी त्याची तुलनाच नको. निवाडा दिला: ठेवा. नळीला डाख द्या, जाळी बदला, बोळातून गच्चीवर न्या, प्लायवूड भंगारवाल्याला द्या. पावसाळ्याचे चार महिने गिझर वापरा. मुलाला तो पटला, सुनेला निम्मा पटला.

धनत्रयोदशीला बंब दुरुस्त होऊन परत आला तेव्हा त्याचं झाकण सापडेना. आजींनी ते स्वयंपाकघरातून आणून दिलं. कित्येक वर्षं ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर होतं.