ज्वारीच्या कलानं

बिअर म्हणजे बार्ली, असं आपण धरून चालतो. बुर्किना फासोतल्या बायका मात्र लाल ज्वारीला मोड आणून ‘दोलो’ करतात. सिक्कीम-दार्जिलिंगकडे आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून तोंगबा पितात. नायजेरियानं 1988 मध्ये बार्ली मॉल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथले मोठाले कारखानेही ज्वारी-मक्याकडे वळले.

मी पुण्यात बिअर करतो. इथला मॉल्ट उत्तरेतून येतो, नाहीतर थेट युरोपातून. आणि इकडे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असते. पाऊस सरताना पेरलेली, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणसाला आलेली. एवढं कमी मागणारं पीक जवळ असताना त्याची बिअर करायची नाही, हे मला पटत नव्हतं.

ज्वारी बार्लीसारखी वागत नाही. बार्लीचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना मोकळा होतो आणि त्याच तापमानात तिची एन्झाइमं त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च सत्तरच्या पुढे गेल्याशिवाय सैल पडत नाही, आणि तोवर साखर करणारं निम्मं बळ उष्णतेनं मेलेलं असतं. म्हणून मी मोडवलेल्या ज्वारीचं पीठ आधी कोमट पाण्यात भिजवतो, वरची निवळी काढून बाजूला ठेवतो, खालचा गाळ खळखळून उकळतो आणि निवल्यावर ती निवळी परत त्यात ओततो. सोबत नाचणीचा मॉल्ट असतो. भरडधान्यांत साखर करण्याची ताकद तिच्यात चांगली. बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजणाऱ्या आपल्या बायकांना मॉल्टिंग कुणी शिकवायला नको.

मोड आणताना एक गोष्ट मी कधीच सैल सोडत नाही. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळेच. वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून पूर्ण काढायच्या. दाण्याला बार्लीसारखं टरफल नसल्यानं गाळणीत चिखल होतो, त्यासाठी भाताचा तूस मिसळावा लागतो. बिअर हलकी, किंचित आंबूस उतरते. फेस फार वेळ टिकत नाही, आणि तो टिकवायला मी काही घालत नाही.

बार्लीच्या बिअरमध्ये मूठभर नाचणी टाकून फलकावर ‘मिलेट’ लिहिणं सोपं आहे. त्यानं रानात काही बदलत नाही. कालव्याचं पाणी आलं की शेतकरी ऊस लावतो आणि त्यात त्याचं चुकत नाही, कारण उसाला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. ज्वारीचा भाव मात्र खळं झाल्यावर कळतो. त्यामुळे मी भाद्रपदातच, पेरणीआधी, भाव बोलून घेतो आणि काही रक्कम आगाऊ देतो. कडबा शेतकऱ्याचा, दाणा माझा, आणि गाळून उरलेला चोथा जवळच्या गोठ्यातल्या म्हशींचा.