चौघांना एकच वाक्य

सोलापूर,
रविवार

चि. मनू,


हुतात्म्यांच्या फलकाचा मजकूर मिळाला. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ म्हणाली होतीस, ते बघितलं. पण काल फोनवर तू म्हणालीस, "आत्या, अर्थ पोचला की झालं, वाक्य कसं का असेना," ते काही केल्या मनातून जाईना. अण्णांच्या घरातल्या मुलीनं असं बोलावं?

तुझंच वाक्य घे. "मल्लप्पा धनशेट्टी यांना फाशी देण्यात आली, तसेच जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हेही हुतात्मा झाले आणि कुर्बान हुसेन." एकाला पूर्ण वाक्य, दोघांच्या वाट्याला 'तसेच' आणि 'हेही', चौथ्याला तर क्रियापदच नाही. तुझ्या मनात असलं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. फलक वाचणाऱ्याला कुठं ठाऊक आहे? त्याला वाटणार, एक मुख्य आणि बाकीचे मागाहून आलेले. वेगवेगळ्या समाजांतले हे चौघे एकाच दिवशी, एकाच तुरुंगात फासावर गेले. वाक्यातही त्यांना एकच जागा दे: "मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली." ते 'यांना' बघ, चौघांनाही सारखं लागू पडतं. 'शिंदे आणि सारडांना' लिहिलंस तर प्रत्यय एकट्या सारडांना चिकटतो आणि शिंदे उघडे पडतात. तसं लिहायचं तर दोघांनाही प्रत्यय दे, नाहीतर शेवटी 'यांना' घाल.

दुसरं वाक्य याहून वाईट आहे, रागावू नकोस. "गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्या बंद, मिरवणुका काढून लोकांनी शिंदीची झाडे तोडणे आणि गोळीबार." मे १९३० मधलं सगळं सोलापूर तू एका दमात कोंबलंस. एक क्रियापद गळालं, एक 'काढून' झालं, एकाचं 'तोडणे' झालं, आणि शेवटी तो गोळीबार लोकांच्याच नावावर गेला! गोळ्या पोलिसांनी झाडल्या गं. म्हणून लोकांनी जे केलं ते एका वळणानं सांग: "लोकांनी गिरण्या बंद पाडल्या, मिरवणुका काढल्या, शिंदीची झाडं तोडली." तिथं थांब. मग नवं वाक्य: "पोलिसांनी गोळीबार केला." त्यानंतर मार्शल लॉ. सारख्या गोष्टी सारख्या रूपात मांडायच्या, आणि ज्या सारख्या नाहीत त्या त्या रांगेत घुसू द्यायच्या नाहीत. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

तू म्हणशील, आत्या नेहमीचं पुराण लावते. लावते. अण्णा ओसरीवर बसून पेठेतल्या लोकांचे अर्ज लिहायचे, ते तू पाहिलं नाहीस. येणाऱ्यांत कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. अण्णा लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे आणि समोरचा गोंधळला की कागद पुन्हा घ्यायचे. पगार मिळावा, रजा मिळावी, औषध मिळावं. 'पगार मिळावा, रजेबाबत विचार होणे आणि औषध' असं त्यांच्या हातून कधी गेलं नाही. ज्याची मराठी घरची नाही, तो पहिल्या तुकड्यावरून पुढचा ओळखतो. वळण मोडलं की तो तिथंच अडतो. तुझा फलक वाचायला येणारी निम्मी पोरं अशाच घरांतली असणार.

आणि हे पुस्तकातून शिकावं लागतं असंही नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी "आधी पोटोबा, मग विठोबा" म्हणायची. "आधी पोटोबा, मग विठ्ठलाचं दर्शन घेण्यात यावं" असं कुणी म्हटलं असतं, तर ते शेजारच्या घरापर्यंतसुद्धा गेलं नसतं. आपला कान हे जाणतो, लिहायला बसलं की मात्र आपण कानावर हात ठेवतो. हल्ली तर सगळं फोनवर, चालता चालता, अंगठ्यानं. तूही मजकूर रात्री दीड वाजता पाठवलास. इतकं जागरण कशाला करतेस? डोळे तपासून घेतलेस का? तुझ्या आईला विचारलं तर ती काही धड सांगत नाही.

मला खरी भीती फलकाचीच आहे. कागदावरची चूक कागदाबरोबर जाते. फलक भिंतीवर वर्षानुवर्षं राहणार, पोरं वहीत तसंच्या तसं उतरवून घेणार, भाषणात पाठ म्हणणार. मग कुर्बान हुसेन दरवर्षी वाक्याच्या शेवटी लटकत राहणार.

तेव्हा छापायला देण्याआधी दोन्ही वाक्यं बदल आणि सगळा मजकूर एकदा मोठ्यानं वाच. उद्या संध्याकाळी फोन कर आणि मलाही वाचून दाखव. तोवर छापखान्यात जाऊ नकोस.

तुझी
आत्या