तू नक्की करतेस तरी काय?

‘‘काय गं, तू नक्की करतेस तरी काय?’’

सावेडीत आत्याकडे गेलं की पोह्यांच्या आधी हा प्रश्न येतो. माझ्या दादाचं बरं आहे. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर ‘काहीतरी’ करतो आणि ते काहीतरी सगळ्यांना कळतं. मी मास कॉम केलं, मग ‘मीडियात’ गेले, मग फ्रीलान्स झाले. नगरमध्ये (कागदावर २०२४पासून अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच) फ्रीलान्सचा अर्थ अगदी सोपा आहे. घरी बसलेली.

गेल्या हिवाळ्यात मी खरंच घरी बसले होते. त्याआधी दीड वर्ष मुंबईत एका डेली सोपवर असोसिएट रायटर होते. सासूनं दुधात काय मिसळलं हे रात्री दोन वाजता लिहायचं, सकाळी नऊला त्याचं शूट, आणि संध्याकाळी चॅनेलचा फोन : ट्रॅक बदला. शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे प्रॉडक्शन हाऊस ‘पुढच्या आठवड्यात’ देणार होतं. तो आठवडा अजून उगवायचाय. शेवटी बॅग भरली आणि नगर गाठलं.

अशात पुण्याच्या एका कंपनीतून कंटेंट एक्झिक्युटिव्हची ऑफर आली. पाच दिवसांचा आठवडा, पीएफ, कॅन्टीन. विचार करायला पंधरा दिवस. आणि त्याच सुमारास ओळखीतून एक काम आलं. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला वार्षिक सभेत दाखवायला बारा मिनिटांची फिल्म हवी होती. गळीत हंगाम चालू होता, म्हणून शूट लगेच. पैसे अॅडव्हान्स मिळाले, म्हणून मीही लगेच हो म्हटलं. पण मैत्रिणींना सांगितलं नाही. एकेकाळी सिनेमा करायच्या गप्पा मारणारी मुलगी बॉयलर शूट करतेय, हे कसं सांगणार?

त्या पंधरा दिवसांत रात्री मी सई परांजपे यांचं ‘सय’ वाचत होते. २०१६ साली आलेलं हे आत्मकथन आईनं आणून ठेवलं होतं. सई परांजपे म्हटलं की आपल्याला ‘चश्मेबद्दूर’मध्ये दारोदार चमको पावडर विकणारी दीप्ती नवल आठवते, नाहीतर ‘कथा’मधली मुंबईतली चाळ. मलाही तेवढंच माहीत होतं. टीव्ही म्हणजे त्यांच्या सीव्हीतली एखादी ओळ असेल, असं वाटायचं.

तर तसं अजिबात नाही. सुरुवात पुणे आकाशवाणीवर, अनाउन्सर म्हणून. मग दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तिथून १९६३ साली बाहेर. आणि मग कित्येक वर्षं दिल्ली टीव्हीवर निर्माती-दिग्दर्शिका. चक्क नोकरी! तेव्हाच्या टीव्हीत ‘निर्माता’ म्हणजे पैसे घालणारा शेठ नव्हे. पगारावरचा माणूस, ज्यानं ठरलेल्या वेळेत ठरलेला कार्यक्रम उभा करायचा. आज मुलांचा, उद्या नाटकाचा, परवा माहितीपट. भारतात टीव्ही सुरू झाला तोच मुळी १५ सप्टेंबर १९५९ला, प्रायोगिक म्हणून, फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ला. रंग आले १९८२ साली. म्हणजे त्या तिथे उमेदवारी करत होत्या तेव्हा ‘टीव्हीत करिअर’ हे शब्द उच्चारले असते तर माझ्या आत्याच्या आत्यानंही तोच प्रश्न विचारला असता.

आम्हाला कॉलेजात टीव्ही नाटक शिकवलं ते ब्रिटनचं. बीबीसीवर १९६६ साली लागलेलं ‘कॅथी कम होम’, दिग्दर्शक केन लोच, निर्माता टोनी गार्नेट. घर गमावलेलं एक तरुण जोडपं, आणि शेवटी आईपासून तोडलेली मुलं. पुढे लोच जगभर गाजले. ‘टेलिव्हिजन ही त्यांची शाळा होती’, असं मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. पण आपल्याकडे कोणाची शाळा टेलिव्हिजन होती, हा प्रश्न ना सरांनी विचारला ना मला पडला.

१९७२ साली सईंनी टीव्हीसाठी केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचं पारितोषिक मिळालं. आणि पुढचं वाचून मी अंथरुणात उठून बसले. ‘स्पर्श’ आधी टेलिफिल्म होती, ‘रैना बीती जाये’ नावाची. ‘चश्मेबद्दूर’सुद्धा आधी टेलिफिल्म होती, ‘धुआँ धुआँ’. ‘स्पर्श’मधला अंध मुख्याध्यापक आभाळातून पडलेला नाही. दिल्लीच्या अंधशाळेचे मुख्याध्यापक मित्तल हे त्यामागचे खरे गृहस्थ. सिनेमाचं शूटिंगही त्याच शाळेत, तिथल्याच मुलांना घेऊन झालं. पुढे नसीरुद्दीन शाह यांना त्या भूमिकेसाठी, सईंना पटकथेसाठी आणि सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

म्हणजे ज्याला मी ‘किरकोळ काम’ म्हणत होते, तिथेच दोन मोठे सिनेमे आधी तयार झाले होते. आणि सिनेमात नाव झाल्यावरही बाईंनी टीव्हीकडे पाठ फिरवली नाही. १९८४ साली ‘अडोस पडोस’ केली, नंतर ‘छोटे बडे’. माहितीपटही चालूच. त्यातला एक तर वारणेच्या बाल वाद्यवृंदावर. साखर कारखान्याच्या परिसरातली मुलं आणि त्यांची वाद्यं! मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी जरा वेगळ्या डोळ्यांनी कारखान्यावर गेले.

वजनकाट्यासमोर बैलगाड्यांची रांग होती. पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या. पाथर्डीकडची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कॅमेऱ्यामागे येऊन उभी राहिली. आई-बाप उसात होते.

‘‘हे टीव्हीवर लागणार?’’ तिनं विचारलं.

‘‘कारखान्याच्या सभेत लागणार,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्याकडे आहे का टीव्ही?’’

‘‘गावाकडं आहे. पण मी दिवाळीनंतर इकडंच असते ना.’’

हे सांगताना तिचा चेहरा अगदी साधा होता. हंगाम संपेपर्यंत सहा महिने शाळा नाही, घर नाही, टीव्ही नाही. मी कॅमेरामनला खूण केली. त्यानं कॅमेरा वळवला, तोच कारखान्याचे साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, ते राहू द्या. गव्हाणीत मोळ्या पडताना घ्या, भारी दिसतं.’’

आणि मी गव्हाण घेतली. खोटं कशाला सांगू? पैसे घेतले होते. फिल्ममध्ये बॉयलर आहे, गाळपाचे आकडे आहेत, अध्यक्षांचं मनोगत आहे. ती मुलगी नाही.

पण त्या रात्री चार पानं लिहून झाली, आठवड्यात वीस. अर्ध्या तासाची गोष्ट. उचल घेऊन आलेलं एक जोडपं, त्यांची मुलगी, आणि गावाकडचा बंद टीव्ही. दीड वर्ष सोप लिहून हात चालता झाला होता, हेही तेव्हाच कळलं. संवाद कुठे तोडायचा ते बोटांना माहीत होतं.

एक फरक मात्र आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सईंच्या मागे पगार होता, स्टुडिओ होता आणि प्रसारणाची ठरलेली वेळ होती. माझ्याकडे लॅपटॉप आहे. म्हणूनच नोकरी लाथाडून स्वप्नांच्या मागे वगैरे धावायचा सल्ला मी कोणाला देणार नाही. त्या स्वतः नोकरी करत होत्या, तेव्हाच तर हे सगळं सापडलं. मी पुण्याच्या कंपनीला विचारलं, आठवड्यातून तीन दिवस कॉन्ट्रॅक्टवर येऊ का? चार दिवसांनी ते हो म्हणाले. पीएफ गेला, कॅन्टीन राहिलं. उरलेल्या दिवसांत ती वीस पानं पुन्हा लिहितेय आणि पुढच्या हंगामात स्वतःच्या पैशांनी दोन दिवस कोप्यांवर जाऊन राहायचं ठरवलंय. या वेळी कॅमेरा कुठे वळवायचा हे मी ठरवणार.

परवा पुन्हा आत्याकडे गेले. पोह्यांच्या आधी प्रश्न आलाच. या वेळी मी सरळ सांगितलं, ‘‘साखर कारखान्याची फिल्म केली. लिहिली, दिग्दर्शनही मीच केलं.’’

आत्यानं झारा खाली ठेवला. ‘‘अगं बाई! मग टीव्हीवर कधी लागणार?’’