पैठणचा दगड, रोमची काच आणि एक खोडलेले वाक्य

इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास रोमन श्रीमंतांच्या ताटवाट्यांत एक विलक्षण रंगीत काच दिसते. आज तिला मोझेक काच म्हणतात. छायाचित्रांत ती प्रथम पाहिली, तेव्हा फुले वरून रंगवलेली असावीत असे मला वाटले होते. मग एका फुटक्या तुकड्याची कडा पाहिली. वरचे फूल काचेच्या जाडीत आरपार उतरले होते.

कृती अशी. निरनिराळ्या रंगांच्या काचेचे थर किंवा कांड्या एकत्र जुळवून जाड दांडा करीत. तो तापवून ओढला की लांब आणि बारीक होई. आतली नक्षी लहान होई, पण मोडत नसे. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत तेच वळण दिसते, तसे या कांडीच्या प्रत्येक चकतीत तेच फूल उमटे. चकत्या शेजारी शेजारी मांडून भट्टीत एकजीव करीत. ते तबक तापवून साच्याच्या आधारे त्याला वाटीचा आकार देत आणि शेवटी घासून झिलई आणीत. निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगनीज, अपारदर्शक पांढऱ्या-पिवळ्यासाठी अँटिमनी. पुढे काच फुंकून भांडी करण्याची झटपट रीत पसरली आणि ही मेहनत मागे पडली.

काही वाट्यांवर फुलांऐवजी अकीकासारखे वळणदार पट्टे असतात. 'मुर्रिना' नावाच्या मौल्यवान दगडी पात्रांची नक्कल काचेत होत असे, असे प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले आहे. त्या पात्रांचे वेड असे की, पेट्रोनियसने मरताना आपले ३,००,००० सेस्टर्सचे मुर्रिना पात्र फोडून टाकले. ते नीरोच्या मेजावर जाऊ नये म्हणून!

त्याच शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, पैठणहून ओनिक्स हा पट्टेदार दगड बैलगाड्यांतून, आडवाटांनी बॅरिगाझाला, म्हणजे आजच्या भडोचला जाई. हे वाचून मी हरखले. प्रबंधाच्या मसुद्यात लिहून मोकळी झाले : 'रोमच्या काचेने पैठणच्या दगडाची नक्कल केली.'

मार्गदर्शकांनी ते वाक्य खोडून समासात एकच शब्द लिहिला : 'पुरावा?'

मला राग आला. माझे आजोळ पैठणजवळचे. पण पुन्हा वाचायला बसले, तेव्हा उत्तम मुर्रिना कर्मानियातून, म्हणजे आजच्या इराणच्या दक्षिण भागातून येते, असे सांगणारा प्लिनीच भेटला. शिवाय मुर्रिना म्हणजे नेमका कोणता दगड, यावर अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही. पहिल्या वाचनात हे सारे मी सोयीस्करपणे ओलांडून गेले होते.

आता ते वाक्य असे आहे : 'पैठणचा दगड भडोचच्या बंदरापर्यंत पोहोचत होता आणि रोमन काच-कारागिरांना पट्टेदार दगडांचे आकर्षण होते.' या दोहोंमधला दुवा मी जोडलेला नाही. अभिमान थोडा उणावला, पण आता ते वाक्य कोणासमोरही निःशंकपणे वाचता येते.

आपल्या गावाचे नाव एखाद्या प्राचीन ग्रंथात सापडले, तर आनंद जरूर माना. फक्त निष्कर्ष लिहिण्याआधी त्या तुकड्याची कडा तपासा. नक्षी आरपार आहे की नुसती वरवर, ते तिथेच कळते.