गळ राहिले घरी

आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळेची सहल मुरूडच्या जंजिऱ्याला न्यायची ठरली. पोरांनी लगेच काठ्यांना दोरे बांधून गळ केले. "गुरुजी, किल्ल्यावरून मासे धरू!"

मी नकाशा काढला. राजापुरीपर्यंत एस.टी., पुढं होडी. (1682 साली संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून बांधायला घेतलेली वाट पुरी झाली असती, तर चालतच गेलो असतो!) मग विचारलं, "पोहता कुणाला येतं?" तिसांत तीन हात वर. विहिरी आटलेल्या, शिकणार कुठं? माझाही हात खालीच होता. मासेमारी खोडली. पोरं रुसली.

तेवढ्यात एकीनं विचारलं, "खाऱ्या समुद्रात किल्ल्यावरची माणसं पाणी कुठलं पीत?"

"आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत."

टँकरपुढं रांग लावणारी पोरं गप्पच झाली. आता त्यांना आधी ते तलाव पाहायचेत.